घर तिकडं, कागद इकडं

परदेशात स्वतःचं घर असणं ही आपल्याकडे अजूनही मोठी गोष्ट मानली जाते. ‘त्यांचं न्यू जर्सीला घर आहे’ असं कुणाविषयी सांगितलं की ऐकणारा खुर्चीत जरा सावरून बसतो. मग खोल्या किती, मागे हिरवळ आहे का, हप्ता किती, असे प्रश्न निघतात. ते घर मिळवण्यासाठी त्या गृहस्थांनी काय काय सोसलं, याची यादीही तोंडपाठ असते. परीक्षा, व्हिसा, दहा वर्षांची नोकरी आणि दर हिवाळ्याला दारातला बर्फ उपसणं.

आमच्या कल्याण-कर्जत मार्गावर मात्र लाखभर माणसं अशी येऊन राहिली, की ज्यांना परदेशातल्या घरासाठी यातलं काहीच करावं लागलं नव्हतं. त्यांनी घर बांधलं ते आपल्याच देशात, आपल्याच गावात, आजोबांच्या घराशेजारी. पुढे घर जागच्या जागी राहिलं आणि देश तेवढा सरकला. ओसरीवर बसल्या बसल्या माणूस परदेशातल्या मालमत्तेचा धनी झाला. बर्फ नाही, व्हिसा नाही. कुणाला एवढ्या सहजासहजी परदेशात घर मिळाल्याचं ऐकिवात नाही, आणि एवढ्या सहजासहजी गेल्याचंही नाही.

ही माणसं म्हणजे सिंधी, आणि ती येऊन राहिली ते गाव म्हणजे उल्हासनगर. बदलापूर लोकलनं घरी जाणाऱ्याला विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही नावं पाठ असतात. त्यातल्या उल्हासनगरविषयी त्याची काही मतंही पाठ असतात. तिथं काय मिळतं आणि ते खरं असतं का, यावर गाडी कल्याणहून अंबरनाथला पोचेपर्यंत चर्चा पुरते. पण तिथल्या माणसांचं आणि सरकारी कागदाचं नातं काय होतं, हे फारसं कुणी बोलत नाही. आमच्या मते त्या गावाचा खरा इतिहास त्या कागदांत आहे.

आधी थोडा भूगोल. सिंध आपल्याला दूरचा वाटतो, पण तो आपल्याच घरातला होता. इंग्रजांनी १८४३ साली सिंध जिंकला आणि १८४७ साली तो मुंबई इलाख्याला जोडून टाकला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ पर्यंत कराची, हैदराबाद, शिकारपूर आणि आपलं ठाणं, पुणं, रत्नागिरी या सगळ्यांचा कारभार एकाच इलाख्यात होता. दादरचा कारकून बदली होऊन कराचीला गेला, तर तो परदेशी गेला असं त्याची आईसुद्धा म्हणत नसे. फार तर ‘लांब टाकलं हो पोराला’ म्हणायची. कराचीतली सिंधमधली पहिली सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावानं ओळखली जाते. सिंधी भाषेची लिपी ठरवण्याच्या कामातही या वैद्यांचा हात होता. तात्पर्य, शिकारपूर आणि बदलापूर ही दोन्ही गावं एकाच गव्हर्नरला अर्ज लिहीत होती.

१९४७ च्या ऑगस्टात सिंध अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाब आणि बंगाल निदान चिरले गेले. अर्धा का होईना, प्रांत राहिला. सिंधी माणसाच्या वाट्याला हिंदुस्थानात सिंध नावाची हातभर जमीनसुद्धा आली नाही. तरीही पुष्कळजण लगेच निघाले नाहीत. राज्यं बदलतात, दुकान कशाला बदलायचं, असा व्यापाऱ्याचा हिशोब. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि तो हिशोब संपला. माणसं बोटींनी मुंबईकडे निघाली. कुलुपं लावून निघाली. किल्ल्या बरोबर घेतल्या. कुलूप लावणारा माणूस परत येणार असतो, हे वेगळं सांगायला नको.

आता समजा, असेच एक शिकारपूरचे गृहस्थ आहेत. त्यांना आपण शेठ म्हणू. शिकारपूरच मुद्दाम घेतलं, कारण तिथल्या सावकारांची पत फार मोठी. त्यांच्या हुंड्या मध्य आशियात पार बुखाऱ्यापर्यंत वटत असत. चार ओळी खरडलेला कागद घेऊन माणूस डोंगर-वाळवंटं ओलांडून जायचा आणि पलीकडे त्याला रोख पैसे मिळायचे. असल्या गावचे हे शेठ. कागदाची किंमत त्यांना आम्ही काय सांगावी? ती त्यांना कल्याणात कळायची होती.

कल्याणपासून थोड्या अंतरावर दुसऱ्या महायुद्धात लष्करानं छावणी उभारली होती. बॅरेकच बॅरेक, मध्ये उघडं माळरान. युद्ध संपलं, शिपाई गेले, बॅरेक रिकामे झाले. तिथं या मंडळींना आणून उतरवलं. कॅम्प एक ते पाच. एकेका बॅरेकमध्ये पाच-सात बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचा किंवा साडीचा पडदा. पडद्याच्या अलीकडे संसार, पलीकडे शेजार. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथं नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. घरदार टाकून आलेल्या माणसांच्या वस्तीला ‘उल्हास’ हे नाव! सरकारला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं? फक्त ती सरकारच्या लक्षात येत नाही एवढंच.

छावणीचा हिशेबीपणा गावाच्या अंगात कायमचा मुरला. अजूनही तिथले पत्ते ‘बॅरेक नंबर अमुक, रूम नंबर तमुक’ असे असतात. टपाल खात्यानं १९७२ साली पिनकोड आणला, तेव्हा कॅम्प एकला ४२१००१ पासून कॅम्प पाचला ४२१००५ पर्यंत आकडे दिले. शेवटचा आकडा बघा आणि कॅम्प ओळखा. आळीला, पेठेला, वाड्याला नाव असतं. इथं माणूस घरी जायचा तो एका आकड्यात जायचा.

शेठ तिथं आले तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला, की आपण कोण? वेदान्तातला नव्हे, कायद्यातला. पाकिस्तानच्या कायद्यानं ते ‘इव्हॅक्युई’ होते. आपल्या सरकारी मराठीत त्याला ‘निष्क्रांत’ असा भारदस्त शब्द आहे. नाटकात दुष्यंत निष्क्रांत होतो, तसे शेठ शिकारपुरातून निष्क्रांत झाले होते. इकडच्या कायद्यानं मात्र तेच शेठ ‘विस्थापित व्यक्ती’ होते. लोक त्यांना निर्वासित म्हणत, आणि ते स्वतःला शेठ म्हणत. त्याच वेळी मुंबईहून कराचीला गेलेला एखादा मुसलमान व्यापारी इथल्या कायद्यात निष्क्रांत होता आणि तिथं निर्वासित. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना तीच दोन खाती, तीच दोन रजिस्टरं. फक्त माणसं या रजिस्टरातून त्या रजिस्टरात गेली होती.

निष्क्रांत माणसाची मालमत्ता सांभाळायला दोन्हीकडे ‘कस्टोडियन’ नावाचा अधिकारी होता. कस्टोडियन म्हणजे राखणदार. आपण गावाला जाताना शेजाऱ्यांना किल्ली देऊन ‘जरा लक्ष असू द्या’ म्हणतो, तसा. फरक इतकाच, की हा राखणदार घर मालकासाठी न राखता मालकापासून राखत असे. १९४९ च्या जानेवारीत दोन्ही देशांचा कराचीला करार झाला आणि शहरांतली घरं विकायला किंवा अदलाबदल करायला कागदोपत्री वाट ठेवली गेली. पण ज्या घरात दुसरं निर्वासित कुटुंब येऊन चूल मांडून बसलंय, ते घर विकणार कसं, आणि घेणार कोण? त्या चुलीपुढे बसलेली बाईही कुठलं तरी कुलूप लावूनच आलेली होती.

हे दुखणं फक्त शिकारपूरच्या शेठांना होतं असं नव्हे. खुद्द महंमद अली जीनांचं घर मुंबईत मलबार हिलवर होतं. क्लॉड बॅटली या वास्तुशिल्पकाराकडून त्यांनी ते हौसेनं बांधून घेतलेलं. फाळणी झाली आणि जीनासाहेबही एका झटक्यात परदेशात घर असलेले गृहस्थ झाले. कराचीतले आपले हायकमिशनर श्रीप्रकाश यांनी लिहून ठेवलं आहे, की ते घर सरकारनं घेऊ नये अशी जीनांनी विनवणी केली होती. आपण परत तिथं राहायला येऊ अशी त्यांना आशा होती. देश मागून मिळाला, आता घर मागणं आलं. पुढे तिथं कित्येक वर्षं ब्रिटनचे डेप्युटी हायकमिशनर राहिले, आणि त्या घरावरच्या हक्कासाठी जीनांच्या कन्या दीना वाडिया यांनी २००७ साली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला. तिकडे कराचीत शिवरतन मोहट्टा यांचा १९२७ साली बांधलेला महाल पाकिस्तान सरकारनं घेतला. त्यात आधी परराष्ट्र खातं बसलं आणि नंतर जीनांची बहीण फातिमा राहायला गेल्या. भावाचं घर इकडे अडकलं, बहीण तिकडे दुसऱ्याच्या घरात. जिथं राष्ट्रपित्याच्या घराची ही कथा, तिथं शेठांच्या ओसरीला कोण विचारतो?

बरं, निदान जाऊन घर बघून यावं म्हटलं, तर तेही सोपं नव्हतं. १९४८ च्या जुलैपासून पश्चिम पाकिस्तानातून इकडे यायला परमिट लागू झालं आणि १९५२ साली पासपोर्ट-व्हिसा आला. आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात १९ जुलै १९४८ ही तारीख कायमची कोरलेली आहे. तिच्या आधी इकडे येऊन राहिलेला माणूस सरळ नागरिक. त्या दिवशी किंवा नंतर आलेल्यानं सहा महिने राहून, अर्ज करून, नाव नोंदवून घ्यायचं. शेठांचं कुटुंब समजा दोन बोटींनी आलं. पहिल्या बोटीत शेठ आणि थोरला, दुसऱ्या बोटीत म्हातारी आई आणि धाकटा. मध्ये ती तारीख. म्हणजे मुलगा आपोआप भारतीय आणि जन्मदात्री आई अर्जदार! बोट भरतीसाठी थांबली की ओहोटीसाठी, यावर नागरिकत्व ठरायचं.

१९५० साली दिल्लीत विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा झाला. तिकडे मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा भरा, आम्ही तो तपासू, असं त्यात होतं. हाच तो ‘क्लेम’. उल्हासनगरात या शब्दाला पुढची कित्येक वर्षं जे वजन होतं, ते आपल्याकडे पत्रिकेतल्या मंगळाला असतं. क्लेम भरलाय, क्लेम अडकलाय, क्लेम निघाला. मुलीचं लग्न क्लेमवर, दुकानाचं भांडवल क्लेमवर, म्हाताऱ्याचा मोतीबिंदू क्लेमवर.

शेठ फॉर्म घेऊन खिडकीशी उभे राहिले, तेव्हा काय संवाद झाला असेल याची कल्पना सरकारी खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या कुणालाही करता येईल.

‘‘घर किती खणांचं?’’

‘‘साईं, चौदा खोल्या. मध्ये चौक. वर हवा घ्यायला मंघ.’’

‘‘मंघ म्हणजे?’’

‘‘छपरावरचा वारा खाली खोलीत आणणारा झरोका. आमच्याकडे उन्हाळा फार, साईं.’’

‘‘त्याचा रकाना नाही. पुरावा काय?’’

‘‘मी राहत होतो ना तिथं!’’

‘‘ते झालं. कागद काय?’’

आता कागद म्हणजे काय आणावं माणसानं? दंगलीत बाहेर पडताना बाई दागिने बघते, पोरं मोजते, जमलं तर देव घेते. नगरपालिकेच्या घरपट्टीची पावती कोण घेतं? जे घेऊन आले ते शहाणे ठरले. पण त्या पावत्या सिंधीत, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीत. ती वाचणार कोण? भाषांतर करून घ्या, त्यावर सही घ्या. खरेदीखत नसेल तर साक्षीदार आणा. आणि साक्षीदार म्हणजे शेजारी. घर कुणाचं होतं हे शेजाऱ्याइतकं कुणाला ठाऊक? डावीकडचा शेजारी पिंपरीच्या कॅम्पात, समोरचा अजमेरला, मागच्या गल्लीतला कच्छात नव्यानं वसणाऱ्या गांधीधामला, आणि उजवीकडचा मुसलमान शेजारी शिकारपुरातच. त्याला सगळं माहीत होतं. चौदा खोल्या, चौक, मंघ, कर्ज किती, भांडण कुणाशी. पण तो आता परदेशी नागरिक. त्याची साक्ष कल्याणला कशी यावी? बुखाऱ्यापर्यंत ज्यांचा कागद चालला त्यांचा शब्द खिडकीच्या या बाजूवरून त्या बाजूला, दोन फुटांवर पोचत नव्हता.

अर्थात, खिडकीपलीकडच्या माणसाचीही बाजू आहे, आणि ती सांगायला हवी. त्याच्यापुढे रोज जी माणसं येत, त्यांच्या तोंडी हवेल्याच हवेल्या. कोणाही निर्वासिताच्या तोंडून झोपडीची आठवण निघत नाही. गमावलेलं घर मनात दर वर्षी एकेक मजला वाढत जातं. आपणसुद्धा कोकणातलं आजोळ सांगताना तिथल्या फणसाचं वजन दर मुक्कामाला पाच शेर वाढवतोच की! त्यातलं खरं किती आणि आठवणीतलं किती, हे कागदावर काढायचं काम त्या बिचाऱ्या अधिकाऱ्याकडे आलं होतं. हजार मैलांवरचं, कधी न पाहिलेलं, आता परक्या मुलखात असलेलं घर त्याला टेबलावर बसून मोजायचं होतं. देवाचं अस्तित्व सिद्ध करायला तत्त्वज्ञ यापेक्षा बरी साधनं वापरतात.

मग १९५४ साली नुकसानभरपाईचा आणि पुनर्वसनाचा कायदा आला. इकडून गेलेल्या मुसलमानांनी मागे ठेवलेली मालमत्ता सरकारनं आपल्याकडे घेतली, तीत सरकारी पैसा घातला, आणि त्या हंड्यातून वाटप सुरू केलं. भांडं लहान आणि पंगत मोठी. म्हणून वाढण्याचा नियम असा केला, की मंजूर झालेला दावा जितका मोठा, तितकी मिळणारी टक्केवारी कमी. लहान घरवाल्याला त्यातल्या त्यात बरा हिस्सा, हवेलीवाल्याला टक्क्यांनी चिमूटभर. न्याय म्हणून पाहिलं तर हे रास्तच होतं. ज्याचं सगळं गेलं त्याला निदान डोक्यावर छप्पर मिळावं, हा विचार चांगला. पण हवेलीवाल्याला ते कसं पटणार? त्याचंही सगळंच गेलेलं होतं, आणि ते सगळं मोठं होतं.

गंमत पुढेच आहे. भरपाई प्रत्येकाला रोख हातात पडलीच असं नाही. सरकारनं छावणीतल्या जागा राहणाऱ्यांनाच विकायला काढल्या आणि त्या किमतीत क्लेमची रक्कम वळती करून घेता येऊ लागली. शेठांनी हिशोब मांडला. चौदा खोल्या, वजा टक्केवारी, वजा थकलेलं भाडं, वजा सरकारी कर्ज. उत्तर आलं बॅरेकमधली एक खोली आणि पडवी. शाळेत आम्हाला वजाबाकी शिकवली, पण चौदातून चौदा न जाता एक उरतो आणि तोही दुसऱ्या गावात, असलं गणित आमच्या मास्तरांना कधी घालता आलं नाही.

शेठांनी ती खोली घेतली. कागद नीट घडी घालून ट्रंकेत ठेवले. त्यात तिकडची घरपट्टीची पावती होती, क्लेमचा मंजुरी आदेश होता आणि तळाशी किल्ली. व्यवहार पाहिला तर पावतीचं काम संपलं होतं. पण ती टाकून कोण देणार? इथं बाजारात त्यांना ‘ए निर्वासित’ म्हणून हाक मारणारे लोक होते. लोकलच्या डब्यात पापड, गोळ्या, कंगवे विकणारा त्यांचा मुलगा लोकांनी पाहिला होता. त्याच्या मागे चौदा खोल्या होत्या हे कुणाला दिसत नव्हतं. ते फक्त त्या सरकारी आदेशात लिहिलेलं होतं. खोल्या कमी धरल्या असतील, किंमत पाडली असेल, मंघाला रकाना नसेल, पण हिंदुस्थान सरकारचा शिक्का मारून लिहिलेलं होतं, की या माणसाचं घर होतं. त्या खिडकीनं शेठांना खरं दिलं ते एवढंच, आणि ते काही थोडं नव्हे.

आमच्या भागात कागदाच्या टिकाऊपणाचं एक जुनं उदाहरण आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातला. इथलं बांधकाम कोणत्या साली, कोणाच्या राजवटीत, सगळं दगडात कोरलेलं. उभ्या तालुक्यात इतकं चोख कागदपत्र दुसऱ्या इमारतीचं सापडणं कठीण. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर कॅम्प चार आणि पाच पसरले, आणि तिथं पुढच्या पिढीनं नेमकं उलटं शास्त्र काढलं.

ते शास्त्र असं, की आधी बांधा, कागद मागून येईल. बॅरेकवर पत्रा चढला, पत्र्यावर मजला, मजल्यावर मजला. यंत्रं आली, कारखाने आले, फर्निचरची दुकानं आली, आणि मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहून ‘म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असं सांगणारा तो सर्वश्रुत विनोदही आला. परवानगी मात्र पुष्कळ इमारतींना आली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, शेकडो इमारती पाडायचे आदेश निघाले, आणि अखेर २००६ साली राज्य सरकारला एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं दंड घेऊन नियमित करण्याचा. एका गावासाठी विधिमंडळानं अख्खा कायदा करणं हा मान फार थोड्यांना मिळतो.

आम्ही बदलापूर-अंबरनाथची पापभीरू माणसं यावर नाक मुरडतो. नियम म्हणजे नियम. अनधिकृत मजल्याखाली झोपणाऱ्या भाडेकऱ्याचा जीव धोक्यात असतो आणि त्याला कुठलाही विनोद वाचवत नाही, हे खरंच आहे. पण शेठांच्या नातवाच्या जागी बसून बघा. त्यानं लहानपणापासून घरात काय ऐकलं? आजोबांकडे कागद होता, घर गेलं. मग बापाला खोली मिळाली, कागद मिळायला वर्षं गेली. मुलानं यातून काढलेलं अनुमान तर्कशास्त्राला धरून आहे. कागद असून घर जात असेल, तर कागद नसताना घर राहायला हरकत काय? कायदा मोडायची ही हौस नव्हती. कायद्यावरचा भरवसा त्यांनी कराचीच्या धक्क्यावर सामानाबरोबर ठेवला होता. सामान बोटीत चढलं, तो राहून गेला.

शिवाय नाक मुरडण्याआधी आम्ही आमचंही बघावं. १९८३ साली कल्याण महानगरपालिका झाली, तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तीत गेलं. १९९२ साली बाहेर आलं. म्हणजे आम्हीही ओसरीवर बसल्या बसल्या दोनदा गाव बदललं. इकडे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असं सांगतात. घोडे गेले, बदलणं राहिलं. आणि फ्लॅटचं म्हणाल, तर १९६३ च्या कायद्यानं बिल्डरनं इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. किती सोसायट्यांना ती मिळाली हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, पण जेवणाआधी विचारू नका. शेवटी २००८ साली कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरण’ आणलं. म्हणजे बिल्डर देत नसेल तर दिलं असं मानायचं. शब्द पाहिलात? निष्क्रांताचा सख्खा भाऊ शोभतो. तिसऱ्या मजल्यावर स्वतःच्या पैशानं घेतलेल्या घरात राहून पायाखालची जमीन कुणाची हे नक्की सांगता येत नसेल, तर आमच्यात आणि शेठांत अंतर ते केवढं? मध्ये एक समुद्र आणि एक दंगल. ते काही लहान अंतर नाही, हे मान्य आहे. पण रांग एकच आहे. शेठ आमच्या खूप पुढे उभे होते एवढंच.

२००५ साली दोन गोष्टी घडल्या. संसदेनं विस्थापितांचे दावे, भरपाई आणि निष्क्रांत मालमत्ता यांचे ते सगळे जुने कायदे एकत्र बांधून रद्द केले. काम संपलं, कायद्यांची गरज उरली नाही, असं सरकारचं म्हणणं. खिडकी बंद झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयापुढे एका गृहस्थांचा अर्ज आला होता. सिंध आता भारतात नाही, तर राष्ट्रगीतातला ‘सिंध’ हा शब्द काढून टाका आणि तिथं ‘काश्मीर’ घाला, अशी त्यांची मागणी. कारकुनी दृष्टीनं मुद्दा बिनतोड. पत्ता बदलला की रजिस्टरात खाडाखोड करावीच लागते. न्यायालयानं अर्ज फेटाळला. तो शब्द नकाशातल्या तुकड्याचा नव्हे, असं न्यायमूर्तींचं म्हणणं पडलं.

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे. शिकारपूरच्या घराचा कायदा राहिला नाही, कस्टोडियन राहिला नाही, खिडकी राहिली नाही, आणि शेठही राहिले नाहीत. ट्रंक कुठल्याशा माळ्यावर असेल. पण उल्हासनगरातल्या पाचही कॅम्पांतल्या शाळांत रोज सकाळी पोरं रांगेत उभी राहतात आणि राष्ट्रगीत म्हणतात. त्यातली बरीचशी आता सिंधी बोलतही नाहीत, मराठी आणि हिंदीत भांडतात. गाता गाता तो एक शब्द येतो आणि निघून जातो. तेवढ्या एका शब्दापुरतं त्यांचं तिकडचं घर आपल्या सरकारच्या दप्तरात अजून त्यांच्या नावावर आहे. आणि त्याच्या पुराव्यासाठी त्यांच्याकडे अजून तरी कुणी घरपट्टीची पावती मागितलेली नाही.